सूर आणि मन – ११ : षड्जाची वाट

लय आणि रक्तदाब हा विषय या आठवड्यात घेईन, असं म्हटलं होतं. तो पुढे ढकलतोय. मध्येच एक पत्र आलं आणि चार दिवस मी पेटीसमोरून उठलेलो नाही.

पत्रातली हकिगत अशी. वडिलांना रात्र रात्र झोप नाही. कुणीतरी मोबाइलवर ‘कोणत्या आजाराला कोणता राग’ अशी यादी पाठवली, तीत निद्रानाशापुढे पुरिया लिहिलेला. मुलानं पुरिया लावला, वडील डोळे मिटून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी मारवा लागला, तर पाचव्या मिनिटाला म्हणाले, ‘बंद कर रे, जीव कासावीस होतो.’ मुलगा विचारतो, या दोन्ही रागांचे सूर तर एकच आहेत, मग असं कसं?

अगदी नेमका प्रश्न. आणि राग दोन नव्हेत, तीन आहेत. मारवा, पुरिया आणि सोहनी. पंचम तिघांतही वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध. घरात पेटी असेल तर काढाच. पांढरी एकचा सा धरा. मग काळी एक रिषभ, पांढरी तीन गंधार, काळी तीन मध्यम, पांढरी सहा धैवत, पांढरी सात निषाद. या सहा पट्ट्यांत तिन्ही राग आहेत.

आता डाव्या हाताच्या बोटानं सा दाबून ठेवा, तंबोऱ्याच्या जोडीसारखा. उजव्या हातानं मंद्र धैवत, निषाद, आणि सा ओलांडून थेट कोमल रिषभ. तिथेच थांबा. सा अगदी शेजारी आहे, कानात अखंड वाजतोय, पण तुम्ही त्याच्यावर उतरत नाही. गंधारापर्यंत जा, परत रिषभावर या, खाली धैवतावर जा. सा नाहीच. हा मारवा. बुवांनी मला तो शिकवला तेव्हा माझं बोट सवयीनं सा कडे सरकलं की ते तळहात आडवा धरायचे. ‘थांब. अजून नाही.’ पंधरा मिनिटांनी हात बाजूला झाला आणि मी सा लावला, तेव्हा छातीतून श्वास सुटलेला मला आजही आठवतो.

संगीतातला भाव हा बराचसा अपेक्षेचा खेळ आहे, असं लिओनार्ड मायर यांनी १९५६ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं. कान पुढचा सूर ओळखून बसलेला असतो, तो लांबला की मन ताणतं. २०११ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की अंगावर शहारा आणणारी जागा येते तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं. पण ‘आता येणार, आता येणार’ या क्षणांतही ते स्रवतं, फक्त मेंदूच्या वेगळ्या भागात. ते वाचलं तेव्हा मला बुवांचा तो आडवा तळहातच आठवला.

पुरियात मारव्याचा रिषभ-धैवताचा हट्ट नाही. त्याचा जीव गंधार-निषादात, मुक्काम मंद्र सप्तकात. नि रे ग, आणि सा वर सुखानं परत. सोहनी उलट वरच्या अंगाची. तार षड्ज हेच तिचं घर, चालही चपळ. ‘मुघल-ए-आझम’मध्ये बडे गुलाम अली खाँ साहेबांनी गायलेली ‘प्रेम जोगन’ आठवा. सूर तेच, पण संध्याकाळची हुरहुर तिथे औषधालाही नाही.

१९९९ मध्ये लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी आपलं संगीत परकं असलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव त्यांनी बऱ्यापैकी ओळखले. त्यासाठी ते लय आणि सुरावटीच्या गुंतागुंतीसारख्या खुणा धरत होते. शांत भाव मात्र त्यांना तसा ओळखता आला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. शांतपणाला ओळख लागते, सवय लागते.

आमच्याकडे अमीर खाँ साहेबांची तबकडी होती, एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. दिवेलागणीला वडील ती लावायचे, आणि दोन-तीन मिनिटांत आतून आईचा आवाज यायचा, ‘अहो, आधी दिवा तरी लावू द्या.’ दिवा लागला, उदबत्तीचा वास ओटीपर्यंत आला, की मग तीही दाराशी टेकून ऐकायची. शेवटपर्यंत ऐकायची.

तेव्हा त्या यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती फाडून टाका. रागाचं नाव म्हणजे गोळीचं नाव नव्हे. पुरियासुद्धा द्रुत लयीत, तानांच्या पावसात लावलात तर झोप उडेल. वडिलांना मारव्यानं कासावीस केलं यात बिघाड काहीच नाही. त्यांचा कान शाबूत आहे, त्यांनी राग बरोबर ऐकला. झोपेसाठी डॉक्टरांना दाखवाच. गाण्याचं मात्र त्यांनाच विचारा, विशी-पंचविशीत काय ऐकत होते ते. मॅकगिलच्या प्रयोगातही ऐकणाऱ्यांनी आपापलं आवडतं संगीतच बरोबर आणलं होतं. मग ते नाट्यपद निघो, भजन निघो की जुनं सिनेमाचं गाणं. आवाज बारीक ठेवा आणि तेच लावा.

त्यांनी काय सांगितलं, ते मला जरूर कळवा. रक्तदाबाचं पुढच्या आठवड्यात.