क्वाय नदीवरचा पूल : एक युद्धपट आणि त्यातले नट

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी त्यातली शिट्टी तरी ऐकलेली असते. फाटक्या बुटांतले ब्रिटिश युद्धकैदी रांगेत शिट्टी वाजवत छावणीत शिरतात, ती. ते ‘कर्नल बोगी’ नावाचं १९१४ सालचं लष्करी संचलनगीत आहे. सैनिकांनी त्यावर इतके अचाट शब्द रचले होते की पडद्यावर ते गाऊन दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून शिट्टी. (हशा)

१९५७ सालचा हा चित्रपट, दिग्दर्शक डेव्हिड लीन, निर्माता सॅम स्पीगल. कथा थोडक्यात सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, युद्धकैद्यांना रेल्वेपूल बांधायला जुंपलंय. छावणीचा प्रमुख कर्नल साइतो अधिकाऱ्यांनीही मजुरी करावी म्हणतो. ब्रिटिश कर्नल निकोल्सन नियमावर बोट ठेवून नकार देतो, पत्र्याच्या तापलेल्या कोठडीत कोंडून घेतो, पण हटत नाही. शेवटी साइतो नमतो. आणि मग जिंकलेला निकोल्सन शत्रूचा पूल इतक्या इमानाने, इतका पक्का बांधून देतो की तो शत्रूचा आहे हेच विसरतो. इकडे शिअर्स नावाचा पळून सुटलेला अमेरिकन तोच पूल उडवायला परत पाठवला जातो.

दिग्दर्शनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आज आम्ही बोलणार आहोत ते नटांबद्दल, कारण आमच्या मते हा चित्रपट उभा राहतो तो त्यातल्या नटांच्या मागच्या आयुष्यावर. आणि त्यांचं पुढे काय झालं हे पाहिलं, की चित्रपटात न दिसणारी एक गोष्ट दिसायला लागते.

सुरुवात अ‍ॅलेक गिनेसपासून. निकोल्सनच्या आधी गिनेस म्हणजे इंग्लंडचा लाडका विनोदी नट. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) मध्ये एकाच घराण्यातल्या आठ व्यक्ती त्याने एकट्याने केल्या, त्यात एक बाईसुद्धा. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’, ‘द लेडीकिलर्स’ ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. लीनबरोबर तो आधी डिकन्सचे दोन चित्रपट करून बसला होता. तरी निकोल्सनची भूमिका त्याने नाकारली, एकदा नव्हे, अनेकदा. हा माणूस कोरडा आहे, कंटाळवाणा आहे, असं त्याचं म्हणणं. स्पीगलने जेवायला नेऊन त्याला पटवलं. चित्रीकरणातही लीनशी खटके उडतच राहिले. गिनेसला निकोल्सनमध्ये थोडा ओलावा, थोडी गंमत हवी होती, लीनला ती नको होती. पडद्यावर जे उतरलं ते या ओढाताणीचं फळ आहे असं आम्हाला वाटतं. निकोल्सन हास्यास्पद आहे, पण त्याला हसता येत नाही.

कोठडीतून बाहेर काढल्यावर निकोल्सन मैदान ओलांडून साइतोच्या खोलीपर्यंत चालत जातो, ते चालणं आठवतंय? पाय ऐकत नाहीत, पाठ मात्र ताठ. गिनेसचा मुलगा लहानपणी पोलिओतून उठला होता. ते चालणं त्याने मुलावरून उचललं होतं. आमच्या दृष्टीने सगळ्या चित्रपटातला हा सर्वोत्तम अर्धा मिनिट, आणि त्यात एक शब्द नाही.

विल्यम होल्डनचं प्रकरण वेगळं. कादंबरीतला शिअर्स इंग्रज आहे. अमेरिकन तारा हवा म्हणून तो अमेरिकन झाला. होल्डन तेव्हा कारकिर्दीच्या शिखरावर. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) होऊन गेलेला, आणि ‘स्टॅलाग १७’ (१९५३) साठी ऑस्करही मिळालेलं, तेही युद्धकैद्याच्याच भूमिकेसाठी. त्याच्याशी झालेला करार हॉलिवूडमध्ये बराच गाजला : मानधन वेगळं आणि वर कमाईत दहा टक्के वाटा, पण तो वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या हप्त्यांनी. चित्रपट इतका चालला की हप्ते वर्षानुवर्षं संपेनात. पैशाचं सोडा. त्याचा धाकटा भाऊ नौदलात वैमानिक होता आणि १९४४ मध्ये पॅसिफिकच्या युद्धात मारला गेला होता. स्वतः होल्डन युद्धकाळात लष्करासाठी प्रशिक्षणपट करत होता. शौर्याच्या गप्पांना वैतागलेला, जिवंत राहणं एवढंच मागणारा शिअर्स तो करतो तेव्हा त्या वैतागाला काही तरी आधार असावा, असं आम्हाला वाटत राहतं.

जॅक हॉकिन्सबद्दल दोनच वाक्यं. कमांडोंचा मेजर वॉर्डन करणारा हा नट युद्धकाळात भारतात होता, सैनिकांसाठी नाटकं आणि करमणूक पुरवणाऱ्या ‘एन्सा’चं काम पाहायचा. ज्या भरदार आवाजावर त्याची कारकीर्द उभी होती, तो आवाज १९६६ मध्ये घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गेला, आणि पुढच्या चित्रपटांत त्याच्या ओठांवर दुसऱ्यांचे आवाज बसवले गेले.

आता ज्याच्यासाठी हे व्याख्यान ठरवलं त्याच्याकडे वळू. कर्नल साइतो करणारा सेस्यू हायाकावा.

१९५७ च्या प्रेक्षकांना तो सत्तरीला टेकलेला एक जपानी नट वाटला. पण त्यांच्या आयांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. १९१५ साली सेसिल डमिलच्या ‘द चीट’ या मूकपटात हायाकावाने एक श्रीमंत जपानी हस्तिदंताचा व्यापारी केला. तो एका गोऱ्या बाईला पैसे देतो, ती शब्द फिरवते, तेव्हा तापलेल्या लोखंडी शिक्क्याने तिच्या खांद्यावर डाग देतो. भूमिका उघडउघड खलनायकाची. पण झालं उलटंच. अमेरिकेतल्या बायका त्याच्यावर फिदा झाल्या. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा ‘द शेक’ यायला अजून सहा वर्षं होती. हायाकावा हॉलिवूडच्या सर्वाधिक कमाईच्या नटांत जाऊन बसला आणि १९१८ मध्ये त्याने स्वतःची चित्रसंस्था काढली. त्याच वर्षी ‘द चीट’ पुन्हा लावला गेला. पहिल्या महायुद्धात जपान दोस्तांच्या बाजूने, त्याला दुखवायचं कसं? म्हणून पाटीवर त्या व्यापाऱ्याला ब्रह्मी करून टाकलं. चेहरा तोच, नट तोच. ब्रह्मदेश बिचारा तक्रार कुणाकडे करणार!

पण या नायकाला नायिका द्यायची कुठून? कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गोरे आणि आशियाई यांच्या लग्नाला बंदी होती, ती थेट १९४८ मध्ये न्यायालयाने उठवली. त्यामुळे पडद्यावर हायाकावाने गोऱ्या बाईवर प्रेम केलं की शेवटी त्याग तरी करायचा, नाही तर मरायचं. १९२० च्या दशकात वातावरण आणखी बिघडलं, आणि तो हॉलिवूड सोडून गेला. १९३७ मध्ये एका चित्रपटासाठी फ्रान्सला गेला, पुढे युद्ध पेटलं, जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि तो तिथेच अडकला. पोटासाठी त्याने चित्रं रंगवून विकली. युद्धानंतर हॉलिवूडने त्याला परत बोलावलं. ‘थ्री केम होम’ (१९५०) मध्ये भूमिका कुठली? जपानी कैदछावणीचा प्रमुख.

हे डोक्यात ठेवून साइतोचा एक प्रसंग पाहा. निकोल्सनला तो रात्री जेवायला बोलावतो, समोर स्कॉच आणि डब्यातलं इंग्लिश मांस. बोलता बोलता सांगतो की आपण लंडनला शिकलो, खरं तर चित्रकार व्हायचं होतं, वडिलांना पटलं नाही. आता हायाकावाचं आयुष्य बघा. त्याला घरच्यांनी नौदलासाठी घातलं होतं. पाण्यात बुडी मारताना कानाचा पडदा फाटला आणि ते स्वप्न संपलं. पुढे पॅरिसमध्ये चित्रांवर पोट भरलं. लेखकांनी हे ठरवून लिहिलं असं आम्ही म्हणत नाही. पण ते वाक्य म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो थकवा येतो, तो रंगभूषेचा नाही.

पुढे साइतोला माघार घ्यावी लागते. रशियावरच्या विजयाच्या वर्धापनदिनाचं निमित्त करून तो अधिकाऱ्यांना मजुरीतून माफी देतो. बाहेर कैद्यांचा जल्लोष, आणि आत साइतो एकटा रडतो. १९५७ साली, युद्ध संपून बारा वर्षं झालेली असताना, इंग्रज-अमेरिकन चित्रपटात जपानी छावणीप्रमुख रडताना दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती. ते पटतं ते हायाकावामुळे. मूकपटातला नट तो. शब्दांवाचून कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

१९५८ च्या ऑस्कर समारंभात चित्रपटाला सात पुरस्कार मिळाले. गिनेस सर्वोत्कृष्ट अभिनेता. पटकथेचा पुरस्कार मूळ कादंबरीकार पिएर बूल याला, ज्याला इंग्रजीत लिहिता येत नव्हतं! खरी पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांची, पण दोघेही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत. त्यांची नावं अकादमीने मान्य केली १९८४ मध्ये. विल्सन १९७८ मध्येच गेला होता आणि फोरमनही पुतळा हातात घ्यायला राहिला नाही.

हायाकावाला साहाय्यक अभिनेत्याचं नामांकन होतं. पुरस्कार गेला ‘सायोनारा’ मधल्या रेड बटन्सला, जपानी मुलीशी लग्न करणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या भूमिकेसाठी. त्याच्या बायकोचं काम करणाऱ्या मियोशी उमेकीलाही पुरस्कार मिळाला, हे चांगलंच झालं. पण याच ‘सायोनारा’ मध्ये काबुकी नटाची भूमिका आहे, आणि ती केलीय मेक्सिकोच्या रिकार्डो मोंटालबानने. जपानी बाई जपानी असली तर चालते, जपानी पुरुष मात्र दुसऱ्या कुणाला तरी करायला द्यायचा.

यापुढचं आमचं म्हणणं नीट ऐका. १९६० मध्ये होल्डनने ‘द वर्ल्ड ऑफ सुझी वाँग’ मध्ये हाँगकाँगच्या मुलीवर प्रेम केलं, चित्रपट जोरात चालला. त्याच वर्षी हायाकावा ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ मध्ये समुद्री चाच्यांचा सरदार झाला. त्याआधी एका जेरी लुईसच्या विनोदी चित्रपटात तर त्याने बागेत पूल बांधणारा माणूस करून साइतोचीच नक्कल केली होती. आणि १९६१ मध्ये ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’ नावाचा चित्रपट आला. त्यात एका वयस्क, सुसंस्कृत जपानी विधुर उद्योगपतीचा न्यूयॉर्कच्या एका ज्यू विधवेशी हळुवार स्नेह जुळतो. वय, देश, रुबाब, सगळं हायाकावाच्या मापाचं. ती भूमिका केली डोळ्यांना रंगभूषा करून अ‍ॅलेक गिनेसने.

कर्नल निकोल्सन जपानी नायक, आणि कर्नल साइतो चाचा.

गिनेसला दोष देऊन हात झटकता येत नाहीत. तेव्हाची रीतच ती होती. तो ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मध्ये अरब राजपुत्र झाला, आणि १९८४ मध्ये लीनच्याच ‘अ पॅसेज टू इंडिया’ मध्ये प्राध्यापक नारायण गोडबोले. हो, आपले गोडबोले! फॉर्स्टरच्या कादंबरीतला हा दख्खनी ब्राह्मण. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ आहेत. भारतीय नट मिळत नव्हते असं म्हणायला जागा नाही. धोतरातला गिनेस आम्ही पाहिला तेव्हा त्याच्या अभिनयाबद्दलचा आदर तसाच ठेवून आम्हाला हायाकावाच आठवला.

प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं, की हा पूल खरा होता का? चित्रपटातला पूल सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कितुलगला इथे केलनी नदीवर बांधला होता, सव्वाचारशे फूट लांब. मार्च १९५७ मध्ये तो उडवला. पहिल्या दिवशी एका कॅमेरामनचा इशारा आला नाही म्हणून सुरुंग रोखले आणि गाडी तशीच पूल ओलांडून पलीकडे जाऊन आदळली. दुसऱ्या दिवशी काम झालं.

खरी सयाम-ब्रह्मदेश रेल्वे ४१५ किलोमीटरची, १९४२-४३ मध्ये बांधलेली. तिच्यावर साठ हजारांच्या वर दोस्त युद्धकैदी राबले आणि सुमारे बारा हजार मेले. तामारकानच्या पुलाजवळचे वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी हे निकोल्सनसारखे मुळीच नव्हते. कामात गुपचूप खोडा घालण्याला त्यांची साथ होती. त्यामुळे परतलेले कैदी या चित्रपटावर चिडले, आणि त्यांचं म्हणणं जगाने ऐकलंही. पण त्याच मार्गावर मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ, ब्रह्मी, मलय, जावानीज असे लाखावर आशियाई मजूर होते, आणि त्यांतले मेले नव्वद हजारांच्या आसपास, असा अंदाज दिला जातो. चित्रपटात त्यांच्यातला एकही मजूर पूल बांधताना दिसत नाही.

आणि नदीचं म्हणाल, तर तामारकानचा पूल क्वायवर नव्हताच, मे क्लाँग नदीवर होता. चित्रपट पाहून आलेले पर्यटक क्वाय कुठेय म्हणून विचारायला लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास थायलंडने नदीच्या त्या भागाचं नावच बदलून ‘ख्वे याय’ केलं. १९४५ मध्ये दोस्तांच्या विमानांनी फोडलेला तिथला पोलादी पूल दुरुस्त होऊन आजही उभा आहे, आणि त्यावरून गाडी जाते.