नक्षी चुकलेलं पिल्लू

बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर काहीही आलं की नजर आधी किमतीवर जाते. नॉर्थ कॅरोलिनात मुलाकडे गेलो असताना नातवाने मला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला ओढत नेलं, तेव्हाही तेच झालं. लांबलचक टेबलावर प्लास्टिकच्या डब्यांत बोआची पिल्लं वेटोळी घालून बसली होती. त्यातले दोन डबे शेजारी-शेजारी होते आणि दोन्ही पिल्लं एकाच विणीतली. पण एकाच्या चिठ्ठीवरचा आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट!

"असं का रे?"

"आजोबा, त्याची नक्षी चुकलीय ना, म्हणून महाग."

चुकलीय, म्हणून महाग! मला एकदम माझी धाकटी बहीण आठवली.

ती तेरा वर्षांची असताना तिच्या कपाळाशी कोडाचा पांढरा डाग उमटला. दोन वर्षांत तो हातांवर आला. आई तिला बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसवायची. पुढे स्थळं आली, कांदेपोहे झाले आणि दर वेळी आठवड्याभरात 'पत्रिका जमत नाही' असा निरोप आला. आत्या तर आईच्या तोंडावर म्हणायची, "आमच्या घराण्यात नव्हतं हो हे!" आई खाली मान घालून भाजी निवडत राही.

घरी आल्यावर मी त्या सापांविषयी मिळेल ते वाचून काढलं. बोआ हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला साप. आपल्याकडचे मांडूळ आणि डुरक्या घोणस हे त्याचे दूरचे भाऊबंद. बोआची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. एका विणीत वीस-पंचवीस पिल्लं सहज असतात. तपकिरी अंगावर खोगिरासारखे गडद पट्टे आणि शेपटीकडे लालसर छटा, ही त्याची नेहमीची नक्षी. पण पाळीव सापांच्या विणींत मधूनच एखादं पिल्लू वेगळं निघतं. कुणाच्या अंगात काळा रंगच नसतो, कुणाचे पट्टे एकमेकांत मिसळून साखळी होते.

हे बंदिवासामुळे होतं असं नाही. जनुकातला बदल रानातही होतो, पण तो बहुधा झाकलेला राहतो. असे बरेच बदल आई आणि बाप दोघांकडून आले तरच अंगावर दिसतात. आणि रानात उठून दिसणारं पिल्लू घारी-ससाण्यांच्या नजरेतून सुटणं कठीण. पिंजऱ्यात मात्र माणूस भावाबहिणींची, बापलेकींची जोडी लावतो, आणि झाकलेलं वर येतं.

दोन गोष्टी वाचून मी थबकलो. बोआमध्ये काळा रंग नसलेल्या, पांढऱ्या-पिवळ्या सापांची दोन प्रसिद्ध घराणी आहेत, काल आणि शार्प या पाळणाऱ्यांच्या नावांची. दिसायला दोन्ही सारखीच. त्यांची जोडी लावली तर पिल्लंही तशीच व्हावीत असं आपल्याला वाटेल. पण होतात ती नेहमीच्या रंगाची! कारण दोन्हींतला बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहे; एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कातडीवरून घराणं वाचायला निघालेल्या आमच्या आत्याला हे कोणी सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट 2011 सालच्या एका शोधनिबंधातली. कॅरॅमल रंगाच्या एका बोआ मादीला दोन विणींत मिळून बावीस पिल्लं झाली. सगळ्या माद्या, सगळ्या आईच्याच दुर्मीळ रंगाच्या. सोबतच्या नरांत तो रंग नव्हता. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या वॉरेन बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तेव्हा या पिल्लांना बापच नसल्याचं दिसलं. ज्याला 'सगळं आईकडून आलं' म्हणता येईल, असं हे प्रकरण! कोड हा असा एका जनुकाचा सरळ हिशेब नव्हे. आमच्या आईला मात्र जन्मभर त्या हिशेबात धरलं गेलं.

म्हणून सापांच्या त्या बाजारात सारं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. मोटली नावाची नक्षी एका पालकाकडून आली तर साप धड राहतो. दोघांकडून आली, तर पिल्लू जवळजवळ बिननक्षीचं, काळपट निघतं आणि अशी पिल्लं बहुधा फार जगत नाहीत, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. खूण म्हणजे कलंक मानणारा बाजार आणि खूण म्हणजे सोनं मानणारा बाजार, दोन्हीकडे चिठ्ठी लागते ती कातडीला. आतल्या जिवाला कोण विचारतो?

बहीण आता निवृत्त शिक्षिका आहे. लग्न केलं नाही. चाळीसेक वर्षं मुलांना गणित शिकवलं. त्या रात्री मी तिला फोन करून प्रदर्शनातली हकिकत सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, "दादा, त्या साध्या नक्षीच्या पिल्लाला कुणी घरी नेलं का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. महागड्या डब्यावरचा आकडा मला अजून पाठ आहे, पण त्या दुसऱ्या पिल्लाकडे मी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.