लंडनच्या गे बोलीत आपलं ‘पाणी’!

१९५०च्या दशकातलं लंडन. पबमध्ये दोघे मित्र गप्पा मारत बसलेत. दारातून एक देखणा तरुण आत येतो आणि एक मित्र दुसऱ्याच्या कानाशी लागतो : ‘वाडा द ओमी, बोना लॅलीज!’ शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ओ की ठो कळत नाही. मित्राला मात्र सगळं कळतं : ‘त्याच्याकडे बघ, काय झकास पाय आहेत!’

ही बोली म्हणजे पोलारी. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश गे पुरुषांची खास बोली. ती ऐकायला मजेदार आहे, पण तिच्या जन्मामागे धास्ती होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७पर्यंत दोन पुरुषांमधले शरीरसंबंध हा गुन्हा होता. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनाही १९५२मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं. शेजारच्या टेबलावर साध्या वेशातला पोलीस असू शकतो, तेव्हा माणूस बोलणार तरी कसा? त्यातून हे शब्द रुळले. त्यांच्या आणि त्यांच्या जगभरच्या भावंडांच्या या काही गोष्टी.

नावाचा अर्थच ‘बोलणं’

इटालियन भाषेत ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. त्यावरून आलं ‘पार्लियारी’, म्हणजे सर्कसवाले, जत्रेतले खेळिये, पंच-अँड-ज्युडी या बाहुल्यांचे खेळ करणारे आणि फिरत्या नाटक मंडळ्यांतले नट यांची बोली. नाटकाच्या जगात गे पुरुषांना इतर ठिकाणांपेक्षा जरा मोकळा श्वास घेता येत असे. तिथूनच ही बोली त्यांच्या तोंडी रुळली आणि ‘पोलारी’ झाली. ‘बोना’ (चांगलं), ‘वाडा’ (बघ), ‘ओमी’ (पुरुष) आणि ‘नँटी’ (नाही) हे सगळे इटालियन वळणाचे शब्द. आकडेही तसेच : उना, डूई, ट्रे. त्यात नाविकांचे, चोरांचे, लंडनच्या गोदीभागातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतले शब्द मिसळत गेले. ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवलं, अशा अनेक जमातींनी मिळून ही बोली घडवली.

पाणी आणि छावा

आता आपल्या घरची गोष्ट. पोलारीत ‘पार्नी’ म्हणजे पाणी, पाऊस किंवा डोळ्यांतले अश्रू. लहान मुलासाठी शब्द आहे ‘चॅव्ही’. दोन्ही शब्द आले रोमानी भाषेतून. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे. त्यामुळे ‘पार्नी’ म्हणजे आपलं पाणी आणि ‘चॅव्ही’ म्हणजे आपला छावा! ज्या शब्दाने आपण संभाजी महाराजांचं शौर्य आठवतो, त्याचा दूरचा चुलतभाऊ लंडनच्या नाट्यगृहांच्या विंगेत वावरत होता.

उलटा शब्द, सुलटा अर्थ

इंग्रजीत केसांना ‘हेअर’ म्हणतात. त्याचं स्पेलिंग उलटं वाचलं की होतं ‘राया’, आणि पोलारीत केसांना ‘राया’च म्हणतात. चेहरा म्हणजे ‘फेस’. तो उलटला की ‘इकॅफ’, आणि त्याचंच लाडकं आखूड रूप ‘ईक’. अक्षरं उलटवण्याची ही युक्ती लंडनच्या बाजारातल्या विक्रेत्यांमध्येही चालायची. सजवण्याला, नीटनेटकं करण्याला शब्द होता ‘झूश’. मग केशभूषा करणारा कोण? अर्थातच ‘राया-झूशर’! मेकअपला म्हणायचं ‘स्लॅप’, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर तो शब्द आजही रोज वापरला जातो.

जोडशब्दांचा कारखाना

पोलारीचा शब्दसाठा काही शेकड्यांचा, पण तो पुरवायची अक्कल अफाट. ‘ओमी’ म्हणजे पुरुष, ‘पलोन’ म्हणजे स्त्री. दोन्ही जोडले की ‘ओमी-पलोन’ म्हणजे गे पुरुष. क्रम उलटा केला की ‘पलोन-ओमी’ म्हणजे लेस्बियन स्त्री. ‘लॅटी’ म्हणजे घर. त्यावरून ‘चाकांवरची लॅटी’ म्हणजे टॅक्सी आणि ‘पाण्यावरची लॅटी’ म्हणजे जहाज. डोळे म्हणजे ‘ओगल’, म्हणून चष्मा झाला ‘ओगल-फेक’, म्हणजे खोटे डोळे.

पोलिसांना बायकांची नावं

ज्याची भीती, त्याचंच नाव खेळकर. पोलिसांना पोलारीत ‘लिली लॉ’, ‘हिल्डा हँडकफ्स’, ‘बेटी ब्रेसलेट्स’ अशी नावं होती. बेटीबाईंचे ब्रेसलेट म्हणजे बेड्या, हे ओघाने आलंच. कोपऱ्यावर गणवेश दिसला की ‘लिली येतेय’ एवढं पुरायचं. कुणी नको तिथे तोंड उघडत असेल तर दबक्या आवाजात ‘नँटी पोलारी’ म्हणायचं, म्हणजे गप्प बस. पकडलं गेलं तर नोकरी, घर, अब्रू सगळंच जायचं. अशा काळात या दोन शब्दांनी अनेकांना वाचवलं असेल.

समुद्रावरची मोकळीक

पोलारीचं दुसरं मोठं घर म्हणजे प्रवासी जहाजं. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर वाढपी, खानसामे, केबिन सांभाळणारे म्हणून बरेच गे पुरुष काम करत. किनारा मागे पडला की कायद्याचा हातही जरा सैल व्हायचा. काम संपल्यावर जहाजावरच नाटुकली, गाणी, वेशभूषेचे कार्यक्रम रंगत आणि पोलारी उघड बोलली जाई. भाषाशास्त्रज्ञ पॉल बेकर आणि इतिहासकार जो स्टॅन्ली यांनी २००३मध्ये या नाविकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. याच पी अँड ओची जहाजं मुंबईच्या बॅलार्ड पिअरलाही लागत.

रविवारच्या जेवणाला रेडिओवर पोलारी

१९६५ ते १९६८ या काळात बीबीसी रेडिओवर ‘राउंड द हॉर्न’ हा विनोदी कार्यक्रम लागायचा. वेळ रविवार दुपारची, घरोघरी सगळं कुटुंब जेवायला बसलेलं. त्यात ज्युलियन आणि सँडी ही दोन पात्रं अस्खलित पोलारी झाडायची. ह्यू पॅडिक आणि केनेथ विल्यम्स ती रंगवत. बॅरी टूक आणि मार्टी फेल्डमन यांच्या लेखणीतून उतरलेली ही पात्रं दर आठवड्याला नवा धंदा काढत आणि त्याच्या नावात बहुधा ‘बोना’ असायचंच. पहिली तीन वर्षं तर गंमत अशी, की हे दोघे ज्या आयुष्याकडे इशारा करत होते ते कायद्याने गुन्हा होतं आणि देश त्यांच्यावर जीव टाकत होता.

याच लोकप्रियतेने पोलारीचं गुपितही फुटलं. जी बोली अख्ख्या देशाला कळते, ती लपायला काय कामाची? १९६७मध्ये कायदा बदलला. एकवीस वर्षांवरच्या पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत. १९७०मध्ये लंडनमध्ये गे लिबरेशन फ्रंट उभी राहिली. तिच्यातल्या तरुणांना कुजबुज नको होती, रस्त्यावर येऊन घोषणा द्यायच्या होत्या. पोलारी हळूहळू मागे पडली.

‘ड्रॅग’ आणि १८७०ची अटक

पुरुषाने स्त्रीवेश करून रंगमंचावर येणं म्हणजे ‘ड्रॅग’. जमिनीवरून फरफटत जाणाऱ्या लांब झग्यावरून हा शब्द आला असं मानतात. ‘मुलीसारखे कपडे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून तो बनला, ही समाजमाध्यमांवर फिरणारी कथा मागाहून रचलेली आहे. शब्द या अर्थाने १८७०मध्ये छापील आढळतो. त्याच वर्षी लंडनच्या स्ट्रँड थिएटरबाहेर अर्नेस्ट बोल्टन आणि फ्रेडरिक पार्क यांना स्त्रीवेशात अटक झाली. ‘स्टेला’ आणि ‘फॅनी’ या नावांनी वावरणाऱ्या या दोघांचा खटला देशभर गाजला आणि १८७१मध्ये दोघेही निर्दोष सुटले.

डोरोथी नावाची बाई पकडा!

अमेरिकेत ‘तू डोरोथीचा मित्र आहेस का?’ असं विचारायचं. समोरच्याने ओळखीचं हसून ‘हो’ म्हटलं की समजायचं, हा आपल्यातला. ही डोरोथी म्हणजे १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाची नायिका, असं बहुतेक जण मानतात. ती भूमिका करणाऱ्या ज्युडी गारलंडवर गे पुरुषांचं अपार प्रेम होतं.

पत्रकार रँडी शिल्ट्स यांनी १९९३च्या पुस्तकात यातला सर्वांत रंगतदार किस्सा नोंदवला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाचं तपास खातं शिकागो परिसरातल्या गे नौसैनिकांच्या मागे लागलं होतं. ‘डोरोथीचे मित्र’ हे शब्द सारखे कानावर येऊ लागले. खात्याने निष्कर्ष काढला की डोरोथी नावाची एक बाई या सगळ्यांच्या केंद्रस्थानी आहे. आणि तिचा शोध सुरू झाला! बाई काही सापडली नाही. पण अशा तपासांत कित्येक चांगल्या सैनिकांना नोकरी गमवावी लागली, हेही विसरून चालणार नाही.

‘टी’ आणि ‘शेड’ची मूळ घरं

पुण्या-मुंबईची कॉलेजातली मुलं आज बिनधास्त म्हणतात, ‘काय टी आहे, सांग ना!’ हा टी चहातला नव्हे. ‘ट्रूथ’ म्हणजे सत्य, त्याचं आद्याक्षर टी. ‘शेड’ देणं म्हणजे सरळ शिवी न देता नेमका टोमणा मारणं. ही भाषा न्यूयॉर्कच्या ‘बॉल’ स्पर्धांमधून जगभर पसरली. तिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया नटूनथटून चालण्याच्या, नाचण्याच्या स्पर्धा करत. घरच्यांनी हाकललेल्या मुलांना आसरा देणारी ‘हाउसेस’ तिथेच उभी राहिली. क्रिस्टल लाबेजा यांचं हाउस ऑफ लाबेजा हे त्यांतलंच एक. १९९०च्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटात डोरियन कोरी ‘शेड’चा अर्थ छान समजावून सांगतात. त्याच वर्षी मॅडोनाच्या ‘वोग’ गाण्याने तिथला नाच जगभर पोचवला.

चर्चमध्ये ‘चॅव्ही’

आता पुन्हा पोलारीकडे. २०१७मध्ये केंब्रिजच्या वेस्टकॉट हाउस या धर्मशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांनी सायंप्रार्थना चक्क पोलारीत घेतली. देवपुत्रासाठी शब्द होता ‘होमी चॅव्ही’, म्हणजे पुन्हा आपला छावा. गदारोळ झाला आणि संस्थेला खेद व्यक्त करावा लागला.

आपल्याकडचे कोती आणि पंथी

अशी बोली भारतातही आहे. तृतीयपंथी समाजात ‘हिजडा फारसी’ नावाची बोली पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाव फारसी असलं तरी तिचा सांगाडा हिंदुस्थानी आहे. या वर्तुळातलेच दोन शब्द म्हणजे कोती आणि पंथी. हावभावांत बायकी, पुरुषांकडे ओढा असलेला पुरुष म्हणजे कोती. त्याचा मर्दानी जोडीदार म्हणजे पंथी. एकेकाळी कुजबुजत बोलला जाणारा ‘कोती’ हा शब्द १५ एप्रिल २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या तृतीयपंथीयांच्या हक्कांवरील निकालपत्रात सन्मानाने नोंदला गेला. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ रोजी याच न्यायालयाने कलम ३७७मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. ही तरतूद ब्रिटिशांनी १८६०च्या दंडसंहितेत घातली होती. स्वतःच्या देशातला असाच कायदा त्यांनी सैल केला १९६७मध्ये. आपल्याला त्यापुढे आणखी ५१ वर्षं लागली.

हे शब्द वापरा, मजेत वापरा, पण ते कुणी घडवले आणि का घडवावे लागले तेही सोबत सांगा. ज्या समाजात माणसाला स्वतःच्या प्रेमाविषयी बोलायला सांकेतिक भाषा लागते, तिथे दोष बोलणाऱ्याचा नसतो, ऐकणाऱ्यांचा असतो. उद्या तुमचा मुलगा, भाऊ किंवा मित्र साध्या सरळ मराठीत ‘मी गे आहे’ म्हणाला, तर त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या आणि त्याला जवळ घ्या.