म्हातारी जीप आणि आम्ही

"ही गाडी विकून का टाकत नाही?" हा प्रश्न रोह्याला आमच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा चहा संपायच्या आत विचारतो. बाबा हसतात आणि विषय बदलतात. होस्टेलवर मित्रांनी हेच विचारलं तेव्हा मात्र मला विषय बदलता आला नाही, म्हणून हा लेख.

आमची गाडी म्हणजे १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपची ही आपल्याकडची नात. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि विलिसची जुळणी करता करता जीपवालीच म्हणून ओळखली जाऊ लागली. आमच्या गाडीचं डिझेल इंजिन प्यूजोच्या रचनेचं. सिलिंडर चार, बोअर ९० मि.मी., स्ट्रोक ८३ मि.मी. गुणाकार करून बघा, २११२ सी.सी. येतं. फर्स्ट इयरला हे गणित सोडवताना मला उत्तर आधीच पाठ होतं!

या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना ताकद जोडायची, दुसऱ्याने हाय किंवा लो निवडायचं. लोमध्ये टाकली की चाकावरचा टॉर्क जवळजवळ अडीचपट होतो आणि वेग त्याच प्रमाणात कमी. भाताच्या खाचरातून बाहेर येताना हाच दांडा देवासारखा वाटतो.

पण फोर व्हील म्हणजे चारही चाकं ओढतात, हा गैरसमज आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की त्याला टॉर्क लागतच नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य मिळतो. म्हणजे खात्री फक्त पुढचं एक आणि मागचं एक अशा दोन चाकांची. अडकल्यावर ब्रेक हलकासा दाबून ॲक्सिलरेटर दिला तर फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळतो आणि थोडी ताकद दुसरीकडे जाते. व्हायवात हे सांगा, सर खूश होतील.

दुसरी गोष्ट, कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, पण ट्रान्सफर केसने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाला बांधून टाकलेला असतो. चिखलात टायर घसरून हा फरक मिटतो. डांबरावर टायर घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. मी लायसन्स मिळाल्याच्या जोशात कोलाडच्या दिशेने असाच निघालो होतो. स्टिअरिंग जड झालं, दांडा निघेना. बाबांनी फोनवर सांगितलं, "सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घे." घेतली, आणि दांडा लोण्यासारखा सुटला. याच कारणाने चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसतो.

आता घरच्या देखभालीबद्दल. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे आमचं वेळापत्रक किलोमीटरवर नाही, पावसावर चालतं. मे महिन्यात ग्रीस गन घेऊन गाडीखाली झोपायचं. शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना, स्टिअरिंगचे जोड, जिथे निपल दिसेल तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. पाणी ओलांडून आलं की दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बघायचं. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर लगेच बदलायचं, नाहीतर बेरिंगचा खर्च ठरलेला. काढलेलं ऑइल ओढ्यात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यायचं. आणि चेसीसमध्ये बसलेला चिखल पाईप लावून धुवायचा, कारण ओला चिखल आतून पत्रा खातो आणि वरचा रंग छान दिसत राहतो.

मुद्दाम शेवटी ठेवलेलं काम म्हणजे डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढणं. टाकी अर्धी रिकामी राहिली की दमट हवेतली वाफ आत थंड होऊन पाणी बनतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी जातं. तळाचा स्क्रू सैल करून ते सोडून द्यायचं, पाच मिनिटांचं काम. सुट्टीत ते माझ्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी ते "उद्या करू" म्हणून तीन आठवडे ढकललं.

एका रात्री शेजारच्या वाडीतल्या काकूंना साप चावला. रस्त्यावर गुडघाभर चिखल, रिक्षा येणं शक्य नव्हतं. काकूंना मागे बसवलं, मी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं. बाबा काही बोलले नाहीत. टॉर्च माझ्या हातात दिला, फिल्टरचं पाणी सोडलं, एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला, हीटर दिला, गाडी सुरू झाली. बारा मिनिटं गेली होती. पुढचा चिखल गाडीने लोमध्ये निमूटपणे पार केला. काकू वाचल्या. पण त्या बारा मिनिटांचा हिशोब अजून माझ्या डोक्यात आहे.

म्हणून एक सांगतो, फोर व्हीलच्या भरवशावर पुराच्या पाण्यात शिरू नका. दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही उचलून नेऊ शकतं, आणि तरंगणाऱ्या चाकाला कसली ग्रिप? कुंडलिकेला पाणी चढलं की आमची जीप अंगणात असते.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. आमचं २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ ला पेणच्या आरटीओत झालं. २०२२ पासून मोटारींची फी पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजार केली गेली. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी वेगळं. हे चूकही नाही, कारण जुनं डिझेल इंजिन धूर जास्तच सोडतं. म्हणून आम्ही ती रोजच्या बाजारहाटाला काढत नाही, त्यासाठी स्कूटर आहे.

मग विकत का नाही? नवी गाडी बिघडली की लॅपटॉप जोडावा लागतो. ही बिघडली की चौदाचा पाना, टॉर्च आणि थोडा संयम पुरतो. अर्थात पाना वेळेवर हातात घेतला तर!

या दिवाळीत घरी गेलो की नवीन पाहुणा येईल आणि तोच प्रश्न विचारेल. या वेळी उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी अंगणात जाऊन फिल्टरचं पाणी काढून येईन.