मिनिटाला साडेसदतीस रुपये

मार्च २०११च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये जेम्स ओल्ड्रॉइड, क्रिस्टिना मॅकएल्हेरन आणि डेव्हिड एल्किंग्टन या तिघांचा एक लेख आला होता. त्यांनी २,२४१ अमेरिकी कंपन्यांकडे वेबसाइटवरून चाचणीदाखल चौकशी धाडली आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात उत्तर दिलं, १६ टक्क्यांनी दिवसभरात, २४ टक्क्यांनी त्याहून उशिरा. उरलेल्या २३ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ५१५ कंपन्यांनी, उत्तर दिलंच नाही. महिनाभरात ज्यांनी उत्तर दिलं त्यांचा सरासरी वेळ ४२ तास निघाला.

त्याच लेखात दुसरा, मोठा हिशेब आहे. ४२ कंपन्यांकडे आलेल्या साडेबारा लाख चौकश्या तपासल्या, तेव्हा दिसलं की चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क साधणाऱ्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, आणखी एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. चोवीस तास उलटू देणाऱ्यांच्या तुलनेत ती साठपटीहून जास्त होती.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. चौकश्या इंटरनेटवरून आलेल्या होत्या, प्रदर्शनातल्या स्टॉलवरून नव्हे. आणि तासाभरात फोन करणारी कंपनी बाकी कामातही चोख असण्याचा संभव असतो, त्यामुळे सातपटीचं सगळं श्रेय घाईला देता येणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. चौकशी शिळी होते, आणि ती दिवसांत नाही, तासांत शिळी होते.

आता कामणला येऊ. वसई पूर्वेला, मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या चिंचोटी फाट्यावरून अंजूरफाट्याकडे वळलं की हे गाव लागतं. वसई–दिवा रेल्वेमार्गावर त्याचं ‘कामण रोड’ स्टेशन आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इंडस्ट्रियल इस्टेटी, त्यांत गाळे, आणि बऱ्याच गाळ्यांत मालक हाच खरेदी अधिकारी, विक्री अधिकारी आणि मशीन बंद पडलं तर फिटरही. अशा मालकानं वर्षातून एकदा गोरेगावच्या नेस्को संकुलातल्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये स्टॉल घेतला, तर त्याला परवडतं का? उत्तर बहुधा ‘किती कार्डं जमली’ यावरून दिलं जातं. माझ्या मते तो आकडाच चुकीचा आहे.

उदाहरण म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकानं त्यांच्या जागी आपले घालावेत. इंजेक्शन मोल्डिंगचा गाळा, तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा स्टॉल, पाच दिवसांचं प्रदर्शन. भाडं चौरस मीटरला १०,००० धरलं तर ९०,००० रुपये. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, १६,२०० रुपये, इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो म्हणून बाजूला ठेवू. सजावट, नमुने, छापील कॅटलॉग आणि मालाची ने-आण ६०,०००. दोन माणसांचा पाच दिवसांचा पगार, प्रवास, जेवण ३०,०००. एकूण १,८०,००० रुपये.

दोन माणसं, दिवसाला आठ तास, पाच दिवस: ८० तास, ४,८०० मिनिटं. म्हणजे स्टॉलवरच्या एका माणसाच्या एका मिनिटाची किंमत साडेसदतीस रुपये. आपला कच्चा माल खपवायला आलेल्या विक्रेत्याशी दहा मिनिटं गप्पा झाल्या की ३७५ रुपये गेले. प्रोजेक्टसाठी माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलू नये असं मी म्हणणार नाही. पण ते मंगळवारी दुपारी गर्दी नसताना बोलावं.

४,८०० मिनिटांतली निम्मी रिकामी जातात. सकाळचा पहिला तास, जेवण, नमुने लावणं-उचलणं. हाती उरतात २,४०० मिनिटं. समजा २४० जण स्टॉलवर थांबले. सगळ्यांना सारखाच वेळ दिला तर प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात: विद्यार्थ्याला दहा आणि महिन्याला पन्नास हजार नग घेणाऱ्या स्विचगिअर कारखान्याच्या माणसालाही दहाच. याउलट प्रत्येकाला आधी तीनच मिनिटं दिली, तर ७२० मिनिटं खर्च होतात आणि १,६८० शिल्लक राहतात. त्यांत वीस-वीस मिनिटांची ८४ बोलणी बसतात. माणसं तीच, भाडं तेच.

म्हणून त्या तीन मिनिटांत काय विचारायचं, यावर सगळं अवलंबून आहे. विक्रीच्या शिकवण्यांत आयबीएमच्या नावानं ओळखली जाणारी एक जुनी चौकट असते: बजेट किती, निर्णय कोणाचा, गरज काय, केव्हा हवं. चौकट वाईट नाही. पण आपल्याकडे अनोळखी माणसाला ‘तुमचं बजेट किती?’ विचारलं की तो एकतर खोटं सांगतो, नाहीतर कॅटलॉग उचलून पुढच्या स्टॉलकडे जातो. ‘सध्या हा पार्ट कुठून घेता, आणि त्यात काय अडचण येते?’ या एका प्रश्नात गरजही कळते, अंदाजे दरही कळतो, आणि आधीच्या पुरवठादाराशी त्याचं का बिनसलंय तेही.

मोल्डिंगवाल्यासाठी दुसरा प्रश्न मात्र आकड्याचाच हवा: वर्षाला किती नग? मोल्ड तीन लाखांचा धरला आणि वर्षाला ५०,००० नग लागणार असतील, तर एका वर्षात मोल्डचा खर्च भरून काढायला नगामागे ६ रुपये पडतात. पाच लाख नग असतील तर ६० पैसे. पार्टची किंमतच चार रुपये असेल, तर पहिल्या गिऱ्हाइकाशी पुढचं बोलणं निरर्थक आहे, जोवर मोल्ड त्याचा स्वतःचा नाही. हा एक प्रश्न न विचारता किती कोटेशनं गेली असतील, आणि ती करण्यात किती रात्री गेल्या असतील!

तिसरा प्रश्न पैशांचा. तो स्टॉलवर विचारायला संकोच वाटतो, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर देतो. दहा लाखांची ऑर्डर आहे, नफा ८ टक्के, म्हणजे ८०,००० रुपये. बँकेचं व्याज १२ टक्के धरू. पैसे ३० दिवसांनी आले तर व्याजात सुमारे ९,९०० रुपये जातात. ९० दिवसांनी आले तर सुमारे २९,६००. फरक १९,७०० रुपयांचा, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा. कायदा छोट्या कारखानदाराच्या बाजूनं आहे. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४पासून आयकरातही तरतूद आहे: मुदतीत पैसे चुकते केले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. पण हे हत्यार उपसायचं तर गिऱ्हाइकाशी भांडण ओढवून घ्यावं लागतं. भांडण टाळण्याची जागा पहिल्या भेटीतच आहे. ‘आमची उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांत पेमेंट होईल ना?’ एवढं हसतमुखानं विचारता येतं. जो चाचरतो, त्याच्या नावापुढे तशी खूण करावी.

प्रश्न न विचारताही बरंच कळतं. कार्डावर किंवा लेटरहेडवर जीएसटी क्रमांक असतो, त्यात १५ अक्षरं-अंक. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ३० गोवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यातलं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकट्याची मालकी. हाच क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणीची तारीख दिसते आणि विवरणपत्रं भरली जातात की नाही तेही दिसतं. दोन मिनिटांचं हे काम संध्याकाळी जेवणाआधी करता येतं. ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या माणसाची नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची निघाली, तर तो खोटारडा ठरत नाही. कदाचित फर्म नवी केली असेल. पण पहिली ऑर्डर उधारीवर द्यायची नाही, एवढं ठरतं.

अशा प्रश्नांची चाळणी लावताना एक धोका असतो, आणि तो मला खर्चापेक्षा मोठा वाटतो. खरेदी प्रमुख क्वचित स्टॉलवर येतो. येतो तो मेंटेनन्सचा इंजिनिअर, स्टोअरकीपर, डिझाइनमधली तरुण मुलगी. सही त्यांची नसते, पण ‘या पार्टीचा माल घेऊन बघू’ हे वाक्य कारखान्यात तेच उच्चारतात. कपड्यांवरून आणि हुद्द्यावरून केलेली निवड इथं दगा देते. विचारायचं ते काम, नग आणि मुदत. माणूस लहान की मोठा, ते नाही.

आता सुरुवातीच्या अमेरिकी आकड्यांकडे परत जाता येईल, कारण कळीचा हिशेब इथं आहे. २४० कार्डं कामणला आणली आणि प्रत्येकामागे फोन, मेसेज, नोंद यांची पंधरा मिनिटं धरली, तर ३,६०० मिनिटं होतात, म्हणजे ६० तास. दिवसाला आठ तास दुसरं काहीच न करता साडेसात दिवस. ज्या मालकाला मशीनही चालवायचंय, त्याला महिना लागेल आणि निम्मी कार्डं ड्रॉवरमध्येच राहतील. पण स्टॉलवरच चाळणी लावून ३० चौकश्या ‘अ’ खुणेच्या, म्हणजे पक्क्या, ठरल्या असतील, तर रोज सहा. सहा गुणिले पंधरा म्हणजे दीड तास. तेवढं त्याच रात्री होतं. पटकन उत्तर द्यायला जास्त माणसं लागतात असा समज आहे. मला दिसतं ते असं की आधी गाळणी लागते. उरलेल्या २१० जणांना कॅटलॉगसह एक मेसेज जावाच, कारण त्यांतले दोघेतिघे वर्षभरानं फोन करतील. फक्त त्यासाठी पाठवायला चालेल का, हे कार्ड घेतानाच विचारलेलं असावं. व्यक्तिगत डेटा संरक्षणाच्या कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आहे, आणि दुसऱ्याचा मोबाइल नंबर ही त्याची वस्तू आहे, आपली नाही.

नोंद कशात ठेवावी? प्रदर्शनाचं अॅप, गूगल शीट, शंभर पानी वही, काहीही चालेल. पण कार्डाच्या मागं त्याच क्षणी चार शब्द लिहिले गेले पाहिजेत: कोणता पार्ट, किती नग, केव्हा, पुढचं पाऊल काय. ‘नमुना गुरुवारी’ असं लिहिलेलं कार्ड आणि कोरं कार्ड यांत दुसऱ्या दिवशी सकाळी जो फरक पडतो, तो पाचव्या दिवशी भरून निघत नाही.

कामणच्या गाळ्यानं नेमक्या कुठल्या प्रदर्शनात जावं, यावरही थोडं बोलायला हवं. प्लॅस्टिकवाला म्हटलं की प्लॅस्टिव्हिजन डोळ्यांपुढे येतं. अखिल भारतीय प्लॅस्टिक उत्पादक संघटनेचं हे प्रदर्शन २०२३मध्ये ७ ते ११ डिसेंबरला गोरेगावलाच भरलं होतं. नवं मशीन, नवा कच्चा माल पाहायला तिथं जरूर जावं. पण सुटे भाग विकणाऱ्यानं तिथं स्टॉल घेतला, तर समोर येणारे बरेचसे आपल्याच धंद्यातले असतात. गिऱ्हाईक विजेच्या उपकरणांच्या, पॅकेजिंगच्या, वाहनांच्या सुट्या भागांच्या प्रदर्शनात फिरत असतं. चाळणीचा पहिला टप्पा स्टॉल बुक करतानाच सुरू होतो.

सरकारी कंपन्यांच्या विक्रेता मेळाव्यांचं गणित निराळं. केंद्राच्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून. ३५८ वस्तू तर त्यांच्यासाठीच राखीव आहेत. तिथं गप्पांपेक्षा उद्यम नोंदणी, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरचं खातं आणि चाचणी अहवाल आधी बोलतात. आपली वस्तू त्या ३५८मध्ये आहे का, हे घरूनच पाहून जावं.

शेवटी निकाल मोजण्याविषयी. वरच्या उदाहरणात ३० पक्क्या चौकश्यांतून ४ ऑर्डरी आल्या, तर कार्डामागे खर्च ७५० रुपये, पक्क्या चौकशीमागे ६,०००, ऑर्डरीमागे ४५,०००. मोल्ड, नमुना, मंजुरी यांत सहा महिने सहज जातात, म्हणून ४५,००० हा आकडा प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात कळूच शकत नाही. सहा महिन्यांनी वही उघडावी लागते. आणि एका प्रदर्शनातून ४, दुसऱ्यातून ६ ऑर्डरी आल्या म्हणून दुसरं दीडपट चांगलं ठरवू नये. इतक्या छोट्या आकड्यांत दोनचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. ‘अ’ खुणेच्या चौकश्या एकीकडे ३० आणि दुसरीकडे ७० असतील, आणि खुणा त्याच प्रश्नांवरून केल्या असतील, तर मात्र पुढच्या वर्षीचा स्टॉल कुठं घ्यायचा हे सहा महिने न थांबताही ठरवता येतं.