बंदिवान सापाचे भक्ष्य

नागपंचमीस नागापुढे दुधाची वाटी ठेवण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. गारुड्याच्या टोपलीतील नाग ते दूध पिताना पुष्कळांनी पाहिलेलाही असतो. परंतु कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला प्राणी पुढे येईल त्या द्रवाला तोंड लावतो, एवढाच त्याचा अर्थ. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न होय. ते पचविण्याची सोय सापाच्या पोटात नाही. साप हा सर्वस्वी मांसाहारी प्राणी आहे, आणि त्याच्या अन्नाची निवड चुकली तर तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहून सावकाश मरतो.

परळच्या हाफकिन संस्थेत प्रतिविषासाठी सापांचे पालन झाले. पुण्यास कात्रज येथे १९८६ साली सर्पोद्यान निघाले. अशा ठिकाणी हा प्रश्न नित्याचा असतो. खाजगी घरात देशी साप बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे. परदेशी अजगरांची हौस मात्र अलीकडे शहरांतून वाढली असून, त्यांपैकी आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनी आवश्यक केली आहे. पाळणारा कोणीही असो, भक्ष्य निवडण्याचे नियम सापाच्या शरीरानेच घालून दिलेले आहेत.

सापाला चावता येत नाही. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढच्या बाजूस लवचिक तंतूंनी जोडलेले असतात. ते आळीपाळीने पुढे सरकवून तो भक्ष्य सबंध गिळतो. म्हणून त्याला मांसाचे तुकडे घालणे हे खोटे औदार्य होय. सबंध उंदराबरोबर हाडांतील चुना आणि यकृतातील जीवनसत्त्वे पोटात जातात. नुसत्या मांसात ती पुरेशी नसतात. आकाराविषयीचा ठोकताळा असा की, भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फारशी अधिक नसावी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या लहान अजगराला डोळे न उघडलेले उंदराचे पिलू पुरते.

परंतु सगळेच साप उंदीर खातात, ही समजूत खरी नाही. धामण आणि घोणस उंदरांवर चांगल्या पोसतात. दिवड मासे आणि बेडूक शोधतो. त्याला माशांवर ठेवावयाचे तर जाती बदलत राहाव्या लागतात, कारण काही माशांच्या अंगी ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते आणि त्या एकाच आहाराने सापाला झटके येऊ लागतात. फुरसे विंचू, गोमी व पालीही खाते. वाळा वाळवी आणि मुंग्यांची अंडी यांवर जगतो. विदर्भात आढळलेला अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांवाचून दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही पाहत नाही. सर्वांत अवघड मण्यार आणि नागराज. त्यांचे मुख्य भक्ष्य दुसरे साप! एका सापाला जगविण्यासाठी इतर साप मारावयाचे काय, हा पेच कोणत्याही सर्पालयाला सुखाचा नाही. त्यावर युक्ती अशी की, मेलेल्या उंदराला सापाची कात चोळावयाची. साप जिभेने गंधकण टिपून टाळूतील इंद्रियाकडे नेतो, आणि ओळखीचा गंध आला म्हणजे पुष्कळदा उंदीरही स्वीकारतो.

भक्ष्य जिवंत सोडावे की मारून द्यावे? बघ्यांना जिवंत शिकार आवडते. सापाच्या दृष्टीने ती धोक्याची असते. ज्या सापाला त्या दिवशी भूक नसेल त्याच्या पेटीत रात्रभर राहिलेला उंदीर सापाचीच पाठ कुरतडतो, आणि त्या जखमा चिघळतात. म्हणून उंदीर वेदनारहित रीतीने मारून, किंवा बर्फात साठविलेला असल्यास पूर्ण वितळवून आणि कोमट करून द्यावा. अजगराच्या ओठांवर आणि चापड्याच्या नाक व डोळा यांच्या मधोमध उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. थंड उंदीर त्यांना भक्ष्य वाटतच नाही. घरात वा गोदामात पकडलेला उंदीर मात्र कधीही देऊ नये. त्याच्या पोटात उंदीरनाशक विष असण्याचा संभव असतो, आणि ते सापालाही बाधते.

पूर्ण वाढलेल्या सापाला दहा-पंधरा दिवसांतून एकदा अन्न पुरते. त्याहून अधिक घातले तर पेटीत पडून राहणाऱ्या सापाच्या अंगी चरबी साठते. थंडीच्या दिवसांत पेटी उबदार नसेल तर गिळलेला उंदीर पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. गिळल्यानंतर निदान दोन दिवस त्याला हात लावू नये. डोळे दुधी दिसू लागले की साप कात टाकणार असे समजावे. त्या काळात तो बहुधा अन्न नाकारतो. तेव्हा आग्रह न करता स्वच्छ पाण्याचे भांडे तेवढे भरून ठेवावे.