दुसऱ्यांदा टोकलं नाही

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या छोट्या विमानतळावर दाट धुकं उतरलं होतं. शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमानं इकडे वळवलेली, जागा मिळेल तिथे उभी केलेली, सगळे कित्येक तास अडकून पडलेले. केएलएमच्या जंबो जेटच्या कॅप्टननं धावपट्टीच्या टोकाशी पोचताच इंजिनांचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा सहवैमानिकानं त्याला टोकलं: अजून परवानगी आलेली नाही. ते मला ठाऊक आहे, तू विचार, असं म्हणून कॅप्टन थांबला. मनोऱ्याकडून पुढच्या मार्गाच्या सूचना आल्या. उड्डाणाची परवानगी त्यात नव्हती. सहवैमानिक त्या सूचना परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टननं विमान पुढे काढलं. या वेळी सहवैमानिकानं टोकलं नाही. विमान वेग घेत होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं त्याच धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या जंबोशी चाललेलं रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका काढली, ते पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? झालंय, असं कॅप्टननं ठासून सांगितलं. काही सेकंदांत दोन जंबो एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली.

तो कॅप्टन नवशिका नव्हता. कंपनीचा जंबोवरचा तो प्रमुख प्रशिक्षक होता, कंपनीच्या जाहिरातींत त्याचं छायाचित्र झळकत होतं, आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोसाठीची परीक्षा त्यानंच काही आठवड्यांपूर्वी घेतली होती. अपघाताला कारणं अनेक होती. धुकं होतं, दोन संदेश एकाच क्षणी आल्यामुळे रेडिओवर नुसतीच कर्कश शीळ ऐकू आली होती, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा जवळ आली होती. सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण त्या छोट्या केबिनमध्ये दोघांच्या मनात शंका आली होती आणि ती तिसऱ्याच्या हातापर्यंत पोचली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नेतृत्व सुधारण्याची शिबिरं आपल्याकडे बहुतेक भाषणाची भीती, न्यूनगंड, आत्मविश्वासाचा अभाव यांभोवती फिरतात. हे अडसर खरे आहेत, पण ते पहिल्या पायरीवरचे. माणूस वर चढत जातो तसा त्याच्यात दुसराच अडसर वाढू लागतो, आणि तो त्याच्या गुणांवरच पोसलेला असतो. वर्षानुवर्षं आपलंच बरोबर ठरल्यामुळे दुसऱ्याचं ऐकण्याची गरज त्याला वाटेनाशी होते. हा अडसर त्याचा त्याला दिसत नाही, कारण हाताखालची माणसं तो झाकून ठेवतात. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, हे आपण मुलांना घरातच शिकवतो. ती मुलं मोठी होऊन कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, पक्षात साहेबांपुढे गप्प बसतात.

यावर पहिला आक्षेप आपल्या म्हणीतूनच येतो: स्वभावाला औषध नाही. पन्नाशीचा माणूस काय बदलणार? मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. स्वभाव बदलण्याच्या निश्चयांवर माझाही फारसा विश्वास नाही. पण विमान वाहतुकीनं दाखवलेली वाट स्वभावाच्या बाजूनं जाते, त्याच्याशी कुस्ती खेळत नाही. टेनेरिफनंतर पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका विमानाचा कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला की सहकारी इंधनाबद्दल बोलत असूनही टाक्या रिकाम्या होत आल्याचं त्याच्या ध्यानात वेळेवर आलं नाही. त्यात दहा जण दगावले. १९७९ मध्ये नासानं या प्रश्नावर कार्यशाळा भरवली आणि त्यातून कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट नावाची प्रशिक्षणपद्धत उभी राहिली. नम्र व्हा, असा उपदेश तिनं कॅप्टनला केला नाही. तुम्ही विचारायचंच, आणि कनिष्ठानं शंका आली तर बोलायचंच, असं दोघांनाही कामाचा भाग म्हणून शिकवलं. टोकणं हा उद्धटपणा राहिला नाही, ते कर्तव्य झालं.

आणीबाणीत विचारपूस करत बसायला वेळ कुठे असतो, असं कुणी म्हणेल. १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्या डीसी-१० विमानाचं शेपटातलं इंजिन हवेत फुटलं आणि विमानाला दिशा देणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांच्या गाठी हजारो तासांच्या उड्डाणांचा अनुभव होता, पण या प्रसंगावर कुठल्याच पुस्तकात उपाय नव्हता. प्रवाशांत बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक मदतीला तयार आहे असं कळताच त्यांनी त्याला आत बोलावलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्याच्या हाती दिले. सुमारे पाऊण तास चौघं एकमेकांना विचारत, सुचवत, दुरुस्त करत ते विमान आयोवातल्या स्यू सिटीपर्यंत घेऊन आले. उतरताना विमान मोडलं, ११२ जण गेले, पण २९६ पैकी १८४ वाचले. नंतर सिम्युलेटरवर तीच परिस्थिती उभी केली, तेव्हा असं विमान सुखरूप उतरवणं जवळपास अशक्यच असल्याचं दिसलं. हेन्स स्वतः इतके जण वाचल्याचं श्रेय कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणाला देत राहिले. हाताशी दोनच सेकंद असतील तर एकट्यानंच ठरवावं लागतं, हे खरं. पण अशा वेळी जो खालून हाक मारणार, त्याला ती सवय आधीच्या साध्या दिवसांत लागलेली असावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: चूक कबूल केली की वचक संपतो. याला पुण्यातलंच उदाहरण आहे. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पत्रांवर विसंबून प्लेगच्या बंदोबस्तातल्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. परतल्यावर पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड न करता आरोप सिद्ध करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. त्याची किंमत त्यांनी मोजली; पुण्यात त्यांची भरपूर निंदा झाली. मात्र १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. केंद्रीय कायदेमंडळात त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं गाजली ती आकड्यांच्या काटेकोरपणामुळे. त्या माफीमुळेच हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण शब्द मागे घेतल्यानं नेता संपतो, हे त्यांच्या आयुष्यानं नक्कीच खोटं ठरवलं.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र पुरतं उत्तर नाही. नियम केले की त्यांचा नुसता उपचार उरतो. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासयादी डॉ. अतुल गवांदे यांच्या पुढाकारानं तयार झाली. चीर देण्याआधी क्षणभर थांबून खोलीतल्या प्रत्येकानं, नर्सनंसुद्धा, आपलं नाव आणि काम सांगायचं, असं त्या यादीत आहे. ज्यानं एकदा आवाज काढला तो पुढे गरज पडली तर बोलतो, हा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात अशी यादी सर्वत्र लागू केल्यावर मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, असं २०१४ च्या अभ्यासात आढळलं. यादी साधारण तशीच होती. मग फरक वापरण्यात असावा, असा माझा तर्क आहे. खुणा करायला कुणीही करतो. सर्जननं मान वर करून नर्सचं नाव ऐकलं का, हे कागदावर उमटत नाही, आणि ते त्याच्याशिवाय दुसरं कुणी करूही शकत नाही.

म्हणून सुरुवात अगदी लहान गोष्टीपासून करावी लागते, बोलण्याच्या क्रमापासून. साहेबांनी बैठकीत आधी मत दिलं की बाकीच्यांची मतं त्याच क्षणी ठरून जातात. हुद्द्याला सर्वांत जास्त मान असलेल्या भारतीय लष्करानं हे फार पूर्वी ओळखलं. तिथे कोर्ट मार्शलच्या सदस्यांची मतं घ्यायची वेळ येते, तेव्हा नियमानं सर्वांत कनिष्ठ अधिकारी आधी बोलतो.